भिंतीवरचे फाइल कप्पे: घरात आणि कामाच्या जागी तुम्ही कसे वापरता?

चाफा

मार्चमध्ये सासऱ्यांची अँजिओप्लास्टी झाली. आता ते बरे आहेत, रोज संध्याकाळी फिरायला जातात. रुग्णालयाचे पैसे आम्ही आधी भरले होते आणि विम्याचा परतावा नंतर मिळायचा होता. डिस्चार्ज कार्ड, अंतिम बिल, औषधांची बिलं, रिपोर्ट, सगळं मूळ प्रतीत द्यायचं होतं. सगळं मिळालं, पण स्टेंटचं स्टिकर लावलेला कागद मिळेना. घरातली मोठी माणसं दोन रात्री शोधत होती. शेवटी तो चादरींच्या खणात निघाला, रुग्णालयातून आणलेल्या पिशवीत, इस्त्रीच्या हिशेबाच्या वहीखाली. दावा मंजूर झाला, पण त्या दोन रात्री सासऱ्यांना झोप नव्हती आणि त्यांच्या छातीवर ताण नको असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं. ते मला फार लागलं.

डोंबिवलीत आमचं वन बीएचके आहे आणि आम्ही पाच माणसं राहतो. कागद फ्रिजवर, दिवाणाच्या खणात, टीव्हीमागे, देवघराच्या फळीवर, असे जागा मिळेल तिथे बसतात. टेबल ठेवायला जागा नाही. कपाट भरलेलं. उरल्या त्या भिंती.

सासूबाईंनी तेव्हा एक आठवण सांगितली. त्यांच्या माहेरी ओसरीवर कॅनव्हासची पत्रांची पिशवी टांगलेली असायची. शाळेत शिवणाच्या तासाला त्यांनीच ती भरली होती, मोराची नक्षी होती. तीन कप्पे. वरच्यात नुकतं आलेलं पत्र, मधल्यात उत्तर द्यायचं राहिलेलं, खालच्यात कोरी कार्डं आणि तिकिटं. वडील बाहेर निघाले की मधला कप्पा बघूनच निघायचे. मला वाटलं, आपल्याला हवंय ते हेच.

बाजारात जाळीचे, पत्र्याचे, ॲक्रिलिकचे, लाकडी असे भिंतीवर लावायचे फाइल होल्डर मिळतात. कोणता घ्यावा, कोणत्या भिंतीवर लावावा, किती कप्पे असावेत? आणि मुख्य म्हणजे, महिन्याभरात तोही तुंबू नये म्हणून तुम्ही काय करता? घरचा, दुकानाचा, ऑफिसचा, कुठलाही अनुभव सांगा.

रंधा

मी इंटिरियरची कामं घेतो. होल्डर आवडण्याआधी भिंत ओळखा, कारण निम्मे होल्डर भिंतीच्या चुकीमुळे पडतात.

टिचकी मारून बघा. पोकळ आवाज आला तर जिप्समचं पार्टिशन. त्यात साधा प्लग धरत नाही. आतली पत्र्याची पट्टी शोधून स्क्रू तिच्यात घ्यावा लागतो. त्या पट्ट्या बहुतेक दोन फुटांवर असतात. नाहीतर बोर्डाच्या मागे पंख उघडणारे प्लग मिळतात. ड्रिल लावल्यावर लाल भुकटी आली तर विटेची भिंत, ती सगळ्यात सोयीची. पांढरट-राखाडी मऊ भुसा आला तर सिपोरेक्सचा ब्लॉक. तिथे हॅमर बंद करून नुसतं फिरवून भोक पाडा आणि त्या ब्लॉकसाठी मिळणारे लांब नायलॉनचे प्लग वापरा. हॅमर लावलात तर भोक मोठं होतं आणि प्लग हातात येतो. नव्या टॉवरमध्ये मायवन पद्धतीची अख्खी काँक्रीटची भिंत असते. तिला हॅमर ड्रिलशिवाय गत्यंतर नाही, आणि वायरिंगच्या नळ्या त्याच भिंतीत ओतलेल्या असतात. म्हणून स्विचबोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली भोक पाडू नका. कुठल्याच घरात नको.

आता वजन. ८० जीएसएमचा ए-फोर कागद साधारण ५ ग्रॅम भरतो. ५०० कागदांचं रीम म्हणजे अडीच किलो. पाच कप्प्यांत प्रत्येकी २०० कागद कोंबले की नुसत्या कागदाचे ५ किलो झाले, पुठ्ठे आणि होल्डर वेगळे. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीवर मी हे कधीच सोडत नाही. पट्टी रंगाला चिकटते, भिंतीला नाही. डिस्टेंपर असेल तर पावसाळ्यात रंगासकट पापुद्रा घेऊन खाली येते. ६ मिलिमीटरचं भोक, प्लग, दीड इंची स्क्रू, वर दोन आणि खाली एक. खालचा स्क्रू लोक गाळतात आणि मग कागद ओढताना होल्डर हलत राहतो.

मापाचं एक लक्षात ठेवा. ए-फोर २१० बाय २९७ मिलिमीटर, लीगल २१६ बाय ३५६. कागद मावला म्हणून फाइल मावत नाही, पुठ्ठा दोन्हीकडून बाहेर येतो. आतली रुंदी साडेदहा इंच तरी बघा. दुकानात जाताना घरची एक फाइल पिशवीत घेऊन जा.

निळी_शाई

आमच्या किराणा दुकानात आजोबांची बिलांची तार होती. खाली लाकडी चकती, वर आकडा, आणि खिळ्याला टांगलेली. उधारीचं बिल आलं की तारेत खोचायचं, पैसे आले की काढून फाडायचं. तार जड झाली की उधारी वाढली हे आजोबांना न मोजता कळायचं. दुकान आता माझ्याकडे आहे. हिशेब संगणकावर आहे, पण घाऊक व्यापाऱ्यांच्या बिलांसाठी मी भिंतीवर दोनच कप्पे लावलेत, 'देणं बाकी' आणि 'दिलं'. 'दिलं' दर शनिवारी अकाउंटंटकडे जातं. तिसरा कप्पा लावला होता 'इतर' नावाचा. तो काढून टाकला, कारण सगळं त्यातच जायला लागलं होतं.

दप्तरदार

चाफाताई, मी ३४ वर्षं जिल्हा परिषदेत लिपिक ते कार्यालय अधीक्षक असा प्रवास करून निवृत्त झालो. तुमचा शेवटचा प्रश्न खरा महत्त्वाचा आहे. कप्पा कोणता घ्यावा याचं उत्तर दुकानदार देईल. तो तुंबू नये याचं उत्तर आपल्या सरकारी कचेऱ्यांत फार पूर्वीपासून आहे. तिला सहा गठ्ठे पद्धत म्हणतात. नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात माझ्या वरिष्ठांनी ती मला शिकवली आणि ती मी घरातही पाळतो.

टेबलावरचा प्रत्येक कागद सहापैकी एका गठ्ठ्यात असला पाहिजे. पहिला, चालू कामाचा: यावर मलाच काहीतरी करायचंय. दुसरा, प्रतीक्षाधीन: मी माझं केलंय, समोरच्याच्या उत्तराची वाट आहे. तिसरा, नियतकालिकांचा: ठरावीक मुदतीने परत परत द्यायची विवरणपत्रं. चौथा, स्थायी आदेशांचा: जे रोज संदर्भाला लागतं. पाचवा, अभिलेख कक्षात पाठवायच्या प्रकरणांचा: काम संपलं, पण जपायचं आहे. सहावा, नष्ट करायच्या कागदांचा.

माझ्या घरी भिंतीवर सहा कप्पे आहेत. पहिल्यात भरायचे अर्ज. दुसऱ्यात दिलेल्या अर्जांच्या पोचपावत्या. तुमचा विम्याचा दावा इथे आला असता, पाठवलेल्या कागदांच्या झेरॉक्ससकट. तिसऱ्यात वीजबिल, मेंटेनन्स, घरपट्टी आणि निवृत्तिवेतनधारकांचा नोव्हेंबरमधला हयातीचा दाखला. चौथ्यात औषधांची चालू चिठ्ठी, विम्याच्या कार्डाची प्रत, सगळ्यांचे रक्तगट, दूरध्वनी क्रमांक. पाचवा महिन्यातून एकदा रिकामा होऊन कपाटात जातो. सहावा फाडला जातो.

दुसरा गठ्ठा लोकांच्या घरात नसतो, आणि शोधाशोध त्याचीच होते. आपण कागद देऊन आलो की काम झालं असं मन धरून चालतं आणि पावती खिशात राहते. चालू आणि प्रतीक्षाधीन वेगळे केलेत तरी अर्धी काळजी जाईल.

पाचव्या गठ्ठ्यातून कपाटात गेल्यावरही आमच्याकडे वर्गवारी असते. 'अ' वर्ग कायमचा, 'ब' वर्ग ३० वर्षं, मग 'क', आणि 'ड' वर्ग वर्षभराचा. घरात मी तीनच ठेवल्यात. खरेदीखत, इंडेक्स टू, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, जन्माचे आणि लग्नाचे दाखले हे 'अ'. ते भिंतीवर कधीही लावू नका, कपाटात किंवा लॉकरमध्येच.

ई_सही

सगळ्यांचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. डिजिलॉकर २०१५पासून आहे. वाहन परवाना, आरसी, गुणपत्रिका त्यात अधिकृत स्वरूपात मिळतात. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत घरबसल्या निघतो. वीजबिल, विम्याची पॉलिसी ईमेलवर येते. आधी कागद कमी करा, मग उरलेल्यांसाठी कप्पे मोजा. आमच्याकडे हे केल्यावर एकच कप्पा पुरला. आणि भिंतीवर आधारच्या झेरॉक्स दिसतील अशा ठेवू नका. घरात गॅसवाला, केबलवाला, शेजारीपाजारी येत असतात. शक्य तिथे पहिले आठ अंक झाकलेला मास्क्ड आधार वापरा.

चाफा

@ई_सही, आधारचं पटलं, आजच फ्रिजवरच्या झेरॉक्स काढल्या. कागद कमी करणंही पटलं. पण सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, मोबाइल फक्त बोलायला वापरतात. आम्ही दोघं सव्वासातच्या लोकलला निघतो. दिवसभरात काही झालं तर कागद त्यांच्या हाताला लागला पाहिजे, त्यांना पासवर्ड आठवावा लागू नये.

@दप्तरदार काका, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, आमच्या पिशवीचा मधला कप्पा म्हणजे यांचा पहिला गठ्ठा.

सागरगोटा

मी कोकणात डॉक्टर आहे. चाफा यांच्या सासूबाईंच्या बाजूने बोलतो. अत्यवस्थ रुग्ण येतो तेव्हा सोबतच्या माणसाच्या हातात शेवटचा ईसीजी आणि चालू औषधांची चिठ्ठी असली की उपचार त्या क्षणी सुरू होतात. रक्त पातळ करणारं औषध चालू आहे का, कशाची ॲलर्जी आहे, हे तेव्हा विचारत बसायला वेळ नसतो. हृदयरुग्णाच्या घरात हा कप्पा दाराजवळ असावा आणि तो आकड्यावरून एका झटक्यात निघून हातात यावा. स्क्रूने जखडलेला नको. २२ जुलै २०२१ला चिपळूणला पूर आला तेव्हा माझ्या ओळखीच्या एका घरातून बाहेर पडताना फक्त खुंटीवरची प्लास्टिकची फाइल घेता आली. खालच्या कपाटातलं सगळं चिखलात गेलं. पाणी बरंच वर चढलं होतं, भिंतीवर राहिलेलंही वाचलं नसतं. हातात आलं म्हणून वाचलं.

आता ओलीबद्दल. आपल्याकडे पाऊस नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे पश्चिमेची आणि दक्षिणेची बाहेरची भिंत सगळ्यात जास्त पाणी पिते. तिच्यावर कागद टांगू नका. दोन खोल्यांमधली आतली भिंत घ्या, पण तिच्या पलीकडे न्हाणीघर नसावं. होल्डर भिंतीला चिकटून बसवू नका, मागे रबरी बुश किंवा लाकडाची चकती घालून बोटभर हवा खेळती ठेवा. किनाऱ्यावर जाळीचे लोखंडी होल्डर दोन पावसाळ्यांत गंजतात आणि कागदावर तांबड्या रेघा उठतात. लाकडी असेल तर वाळवी बघत राहा. कसर कागदावरच्या खळीला लागते. कप्पा अंधारात आणि न हलवता राहिला की ती येतेच.

अजून एक, हे दाव्यांच्या वेळी फार नडतं. औषधांच्या दुकानातली छोटी बिलं पुष्कळदा थर्मल कागदावर असतात. ती उन्हात, गॅसजवळ किंवा मऊ प्लास्टिकच्या पाकिटात ठेवली की अक्षरं उडून जातात. आणल्या दिवशीच झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचा.

वकीलपत्र

तालुका न्यायालयात वकिली करतो. ऑफिसात भिंतीवर सोमवार ते शनिवार असे सहा कप्पे. ज्या दिवशी तारीख, त्या कप्प्यात प्रकरण. कोर्टातून आल्यावर पुढची तारीख डायरीत लिहिल्याशिवाय फाइल कप्प्यात परत जात नाही, हा माझ्या ज्युनिअरला घातलेला एकच नियम. पुढच्या आठवड्यानंतरची तारीख असेल तर फाइल भिंतीवर राहत नाही, रॅकमध्ये जाते.

मापाबद्दल रंधा यांच्याशी सहमत. जुनी प्रकरणं लीगल कागदावर, तर सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२०पासून दोन्ही बाजूंनी छापलेला ए-फोर स्वीकारला. आमच्याकडे दोन्ही मापं एकाच फाइलमध्ये येतात. आणि समोर अशील बसलेले असतात, म्हणून बाहेरून दिसेल अशा जागी पक्षकाराचं नाव लिहीत नाही, फक्त प्रकरण क्रमांक.

मायक्रोमीटर

भोसरीत आमचं छोटं मशिन शॉप आहे. आठ मशिन. प्रत्येक मशिनजवळ खांबावर पत्र्याचे दोन कप्पे, वरचा 'चालू', खालचा 'पुढचं'. जॉबकार्ड आणि ड्रॉइंग दोन्ही एकत्र. ए-थ्री ड्रॉइंग ए-फोर आकारात दुमडतो, नाव, नंबर आणि रिव्हिजन, म्हणजे ड्रॉइंगची कितवी सुधारित आवृत्ती, यांचा चौकोन वर दिसेल असा. ऑपरेटरने कागद बाहेर न काढता रिव्हिजन वाचता आली पाहिजे.

हे सांगण्याचं कारण आहे. तीन वर्षांपूर्वी जुन्या रिव्हिजनच्या ड्रॉइंगवर आम्ही ६० नग बनवले आणि सगळे भंगारात गेले. नवं ड्रॉइंग कप्प्यात होतं, पण जुनंही त्याच कप्प्यात मागे राहिलं होतं. तेव्हापासून नवं ड्रॉइंग द्यायला जाणारा माणूस जुनं हातात घेतल्याशिवाय परत येत नाही, आणि त्याची सही होते. कामाची जागा नीट ठेवण्याच्या जपानी फाइव्ह एस पद्धतीत पहिला शब्द सेइरी आहे, म्हणजे नको ते वेगळं काढणं. नीट लावून ठेवणं, सेइतोन, त्याच्यानंतर येतं. आमच्याकडे कप्पे आधी आले आणि सेइरी ६० नग गेल्यावर आलं. घरातही औषधाची नवी चिठ्ठी ठेवताना जुनी तिथल्या तिथे काढा.

सागरगोटा

@मायक्रोमीटर, औषधांच्या चिठ्ठीबद्दल लाख मोलाचं बोललात. जुन्या आणि नव्या दोन्ही चिठ्ठ्यांतली औषधं एकदम घेणारे रुग्ण मी पाहिलेत. एकाच गोळीची दोन नावं असतात आणि डोस दुप्पट होतो. जुनी चिठ्ठी फेकू नये, पण तिच्यावर आडवी रेघ मारून ती मागच्या फाइलमध्ये लावावी.

खडू_फळा

जव्हार तालुक्यातल्या द्विशिक्षकी शाळेत शिकवते. लोखंडी कपाट एकच, त्यात हजेरी, शालेय पोषण आहाराच्या नोंदवह्या आणि दाखल्यांचं रजिस्टर. मुलांच्या कामाला जागा नव्हती. एका पालकाने बांबू दिला. जुन्या जाड चादरीचे २४ कप्पे आम्ही शिवले आणि तो बांबू दोन खिळ्यांवर टांगला. प्रत्येक मुलाला एक कप्पा. पहिलीच्या मुलांना नाव वाचता येत नाही, म्हणून कप्प्यावर त्यांनी स्वतः काढलेलं चित्र: मासा, आंबा, बैल, विळा. उंची ठरवताना सगळ्यात बुटक्या मुलीला उभं केलं. तिचा हात पोचेल तिथे वरची ओळ.

दिवाळीपर्यंत मुलं आपला कागद आपणच ठेवायला लागली. एक मुलगा स्थलांतरित कुटुंबातला, नोव्हेंबरमध्ये आईवडिलांबरोबर वीटभट्टीवर गेला. त्याचा कप्पा आम्ही तसाच ठेवला. मार्चमध्ये परत आल्यावर त्याने पहिल्यांदा बैलाच्या चित्रात हात घातला. कागद होते तिथेच होते. तेव्हापासून वर्गातली गर्दी वाढली तरी कुणाचा कप्पा दुसऱ्याला देत नाही.

भाड्याचं_घर

पुण्यात भाड्याने राहतो, मालक खिळा ठोकू देत नाहीत. काही उपाय?

रंधा

लोखंडी कपाटाची बाजू वापरा. मागे चुंबक असलेले कप्पे मिळतात, फ्रिजच्या बाजूलाही बसतात. पण चुंबक सरळ ओढला तर जोर धरतो, वजनाने खाली मात्र सरकतो. म्हणून २० ते ३० कागदांपेक्षा जास्त नको. दुसरा मार्ग, दाराच्या वरच्या कडेवर अडकणारे आकडे आणि त्याला कापडी कप्पे. घेण्याआधी दार आणि चौकटीतली फट बघा, आकड्याच्या पत्र्याची जाडी तिच्यात मावली पाहिजे, नाहीतर दार लागणार नाही. दार आपटू नये म्हणून आतून फेल्टची पट्टी लावा.

पायरी

वडिलांना स्मृतिभ्रंश आहे. आमच्याकडे पत्र्याचे सुंदर कप्पे होते, पण आतलं दिसत नाही म्हणून ते दर तासाला सगळे कागद बाहेर काढायचे आणि घाबरायचे, पेन्शनचं पुस्तक हरवलं म्हणून. ॲक्रिलिकचे पारदर्शक लावले. पुस्तकाचं निळं कव्हर खुर्चीतून दिसतं. ते बोटाने दाखवतात आणि स्वस्थ बसतात. ज्यांच्या घरी असं माणूस आहे त्यांनी दिसणं हा पहिला निकष धरावा.

चाफा

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार.

भिंत विटेची निघाली, लाल भुकटी आली. हॉल आणि बेडरूमच्या मधली आतली भिंत घेतली, मागे रबरी चकत्या घातल्या. पारदर्शक ॲक्रिलिकचे सहा कप्पे, साडेदहा इंची. खालचा स्क्रू गाळला नाही. सासऱ्यांच्या हृदयाची फाइल वेगळी, दाराशेजारच्या खुंटीवर. तिच्यात एकच चालू चिठ्ठी, शेवटचा ईसीजी आणि डिस्चार्ज कार्डाची प्रत. मुलीने कप्प्यांवर लावायला नावं छापून आणली होती, पण सासूबाईंनी ती बाजूला ठेवून स्वतःच्या अक्षरात लिहिली: 'करायचं', 'वाट बघायची', 'दर महिन्याचं', 'नेहमी लागणारं', 'कपाटात', 'फाडायचं'. दुसऱ्या कप्प्यात सध्या आधार अद्ययावत केल्याची पावती आणि मुलीच्या शिष्यवृत्तीची पोच आहे.

महिन्याचा दिवस कोणता ठरवायचा यावर चर्चा झाली. पहिली तारीख आम्हाला जमेना. सासूबाई म्हणाल्या, संकष्टीला चंद्रोदयाची वाट बघत मी बसलेलीच असते, तेव्हा करू. परवा पहिली संकष्टी झाली. नऊ वाजता मोदक झाकून त्या आणि सासरे खुर्च्या घेऊन भिंतीसमोर बसले. 'फाडायचं'मधून २०१६चं केबलचं बिल निघालं, आणि 'कपाटात'मधून मुलीच्या लसीकरणाचं कार्ड, जे आम्ही हरवलं असं धरून चाललो होतो. ते कागद शोधताना मी ढिगात टाकलेल्या एका जुन्या पिशवीतून आलं होतं.

@दप्तरदार काका, एक विचारायचं राहिलं. सोनोग्राफीच्या आणि एक्स-रेच्या मोठ्या फिल्म कुठे ठेवायच्या? त्या कुठल्याच कप्प्यात मावत नाहीत.

दप्तरदार

आमच्याकडे नकाशे असायचे त्याच मापाचे. कपाटाच्या आणि भिंतीच्या मधल्या फटीत पुठ्ठ्याच्या दोन पाट्यांमध्ये उभ्या ठेवा, दुमडू नका. आणि रिपोर्टच्या कागदावर पेन्सिलीने 'फिल्म कपाटामागे' एवढं लिहून ठेवा.